मदत हवी आहे: कोचना एकच प्रश्न विचारता येणार आहे, काय विचारू?

मेरीलँडकर
कार्यक्रम शनिवारी आहे आणि प्रश्न उद्या रात्रीपर्यंत लिहून पाठवायचा आहे. माणशी एकच. मला त्या ०-१९ वाल्या सीझनबद्दलच विचारायचं आहे, पण भर सभेत त्यांना अवघडल्यासारखं होता कामा नये. काल रात्री बरंच लिहिलं आणि खोडलं, सगळं एक तर उद्धट वाटतं नाही तर गुळमुळीत. मराठीत सुचवा, इंग्रजी मी करून घेईन. कृपया लवकर.

गार्गी_क
०-१९ हा स्कोअर आहे का? खेळ कोणता? कोच कोण? काहीच कळत नाहीये.

नाना_नागपूर
आणि प्रश्न तुम्ही स्वतः उभं राहून विचारणार की दुसरं कोणी वाचून दाखवणार? त्यावर भाषा ठरते.

मेरीलँडकर
बास्केटबॉल. जॉर्जटाउन. पॅट्रिक युइंग. निवेदक वाचणार आहे.

गार्गी_क
अहो, इथे सगळे अमेरिकेत राहत नाहीत. जरा नीट सांगा ना.

मेरीलँडकर
वॉशिंग्टनचं विद्यापीठ. युइंग तिथे १९८१ ते १९८५ खेळले, १९८४ ला कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. पुढे न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक टीमचे इतकी वर्षं आधारस्तंभ होते. २०१७ ते २०२३ जॉर्जटाउनलाच हेड कोच. २०२१-२२ मध्ये बिग ईस्ट लीगमधल्या १९ पैकी १९ मॅच हरलो. मी त्यातल्या घरच्या मॅचना जायचो. वरचे सज्जे रिकामे, कोर्टवरच्या बुटांची चरचर वरपर्यंत ऐकू यायची. म्हणून हेच विचारायचं आहे, दुसरं नाही.

तळ्यात_मळ्यात
दुसरं नाही म्हणालात तरी सांगतो, १९८५ ची फायनल विचारा. व्हिलानोव्हा विद्यापीठाला त्याच सीझनमध्ये दोनदा हरवलेलं, आणि फायनलला त्यांनी २८ पैकी २२ शॉट घातले. ६६-६४. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळात शॉट मारायचं बंधन, नव्हता, त्यामुळे ते बॉल फिरवत बसायचे आणि मोकळा शॉट मिळाला तरच मारायचे. पुढच्याच सीझनपासून ४५ सेकंदांचा क्लॉक आला. क्लॉक असता तर तुम्ही जिंकला असता का, असं विचारा. याहून चांगला प्रश्न होऊ शकत नाही.

नाना_नागपूर
हा त्यांना आयुष्यभर विचारला गेला असेल. १९८२ विचारा. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धची फायनल, ६३-६२. शेवटी मायकेल जॉर्डनचा शॉट, मग आपल्याच पोराने बॉल समोरच्या टीमच्या जेम्स वर्दीच्या हातात दिला, ते सगळं सोडा. सुरुवात बघा. कॅरोलायनाचे पहिले आठ पॉइंट युइंगच्या गोलटेंडिंगवर आले. बॉल बास्केटकडे खाली यायला लागला की त्याला हात लावायचा नसतो, लावला तर बास्केट झालं असं धरतात. हे पहिल्या वर्षाचं पोरगं येईल तो बॉल भिरकावून देतंय! कोच जॉन थॉम्प्सननी तसं सांगितलं होतं की स्वतःचं डोकं? एका पॉइंटने हरल्यावर त्या आठ पॉइंटांचं काय वाटलं?

तळ्यात_मळ्यात
नाना, त्याच मॅचमध्ये त्यांनी २३ पॉइंट आणि ११ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे बॉल पकडणं) काढले. हरण्याचं खापर त्यांच्यावर कशाला?

नाना_नागपूर
खापर कोण फोडतंय? मी स्वतः सेंटर, म्हणजे बास्केटपाशी उभा राहणारा उंच गडी, म्हणून खेळलोय. पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याच्या मनात धाक बसवायचा असतो, त्याची किंमत मोजावी लागते. ती किती मोजावी हा खरा प्रश्न आहे.

अवलिया७
मुलगा कितवीत आहे? उंचीसाठी रोज बारला लोंबकळायला लावा आणि रात्री लवकर झोपवा. आमच्या पुतण्याला फरक पडला.

मेरीलँडकर
मुलाचा विषय नाहीये. उद्या रात्री मुदत संपते.

शेवंता
दादा, मी खेळातली नाही, पण युइंगबद्दल वाचलंय. जन्म जमैकाचा, तिथे क्रिकेट आणि फुटबॉल खेळायचे. बाराव्या-तेराव्या वर्षी अमेरिकेत आल्यावर बास्केटबॉल हातात घेतला. कॉलेजात असताना परगावच्या मॅचना लोक 'याला वाचता येत नाही' असे फलक धरायचे, कोर्टवर केळ्याची सालं फेकायचे. आईला पदवी पूर्ण करीन असा शब्द दिलेला. आई १९८३ ला गेली. हा माणूस मोठ्या पैशांवर पाणी सोडून चौथं वर्षही थांबला आणि १९८५ ला पदवी घेतली, तीही ललित कलेची. तुम्ही त्यांना मॅच कसली विचारता? आईबद्दल विचारा.

गार्गी_क
शेवंताताई, अनोळखी माणसाने माईकवरून गेलेल्या आईबद्दल विचारणं मला तरी आवडलं नसतं.

शेवंता
मला आवडलं असतं.

खिडकीपाशी
मूळ प्रश्नाकडे येऊ का? ०-१९ च्या आधीचं वर्ष बघा. २०२१ ला सगळ्यांनी जॉर्जटाउनला शेवटचा नंबर दिला होता. आठवा सीड (मानांकन) म्हणून बिग ईस्टच्या स्पर्धेला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला गेले, चार दिवसांत चार मॅच जिंकले, फायनलला क्राइटन विद्यापीठाला ७३-४८ ने झोपवलं. मग काय झालं? त्याच वसंतात एनसीएएने (कॉलेज खेळांची संस्था) नियम बदलला, कॉलेज बदललं तरी वर्षभर न खेळता बसून राहायची गरज उरली नाही. टीमचा सेंटर वहाब मेरीलँडला गेला आणि वर्षभराने परत आला. म्हणजे जो माणूस स्वतः चार वर्षं एकाच कोचच्या हाताखाली राहिला, त्याला दरवर्षी नवी टीम बांधायची वेळ आली. हे विचारा.

तळ्यात_मळ्यात
नियम बाकीच्या कॉलेजांनाही तोच होता. बाकीचे ०-१९ झाले नाहीत. तुम्ही त्यांना आयती सबब देताय.

खिडकीपाशी
सबब सांगायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. हेड कोचची खुर्ची मिळायच्या आधी एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये १३ सीझन असिस्टंट होते, वॉशिंग्टन, ह्यूस्टन, ऑर्लँडो, शार्लट. इतका माणूस भर सभेत रडगाणं गाणार नाही. आणि मेरीलँडकर, ०-१९ हा आकडा प्रश्नात घालू नका. निवेदक तिथेच गाळेल.

अवलिया७
पार्किंग आधी बुक करा, शनिवारी डाउनटाउनला जागा मिळत नाही.

मेरीलँडकर
खिडकीपाशी, आभार, आकड्याचं पटलं. नाना, तुमचा प्रश्नही फार आवडलाय, पण एकच पाठवता येतो. हे कसं वाटतं: "सर, तुम्ही चार वर्षं एकाच कोचच्या हाताखाली घडलात. ज्या हिवाळ्यात आपली टीम सारखी हरत होती, त्यात थॉम्प्सन सरांनी तुम्हाला शिकवलेली कोणती गोष्ट मुलांना सांगून उपयोग झाला, आणि कोणती सांगून काहीच उपयोग झाला नाही?"

नाना_नागपूर
उत्तम. फक्त दुसरा भाग आधी घ्या. आधी काय चाललं नाही ते, मग काय चाललं ते. नाहीतर निवेदक अर्ध्यावरच थांबवतो.

शेवंता
"आपली टीम" ठेवा, ते काढू नका.

मेरीलँडकर
क्रम बदलला, "आपली" ठेवलं. आत्ताच पाठवला.

गार्गी_क
निवडला गेला तर उत्तर इथे लिहा. आणि तो शॉट क्लॉक नेमका कसा चालतो ते कोणी तरी सांगा, मला अजून कळलेलं नाही.

तळ्यात_मळ्यात
सांगतो, जेवून येतो.