प्रतिसाद: 'रोजची भाकर' मधला 'रोजची'

वर कोणीतरी म्हटलंय की प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीत, मूळ ग्रीकमध्येही साधं 'रोजची'च आहे, मला ते पटत नाही. तिथला शब्द आहे 'एपिऊसिओस', आणि तो या प्रार्थनेबाहेर (बायबलमध्ये ही ओळ मत्तय ६:११ नि लूक ११:३ इथे आहे) जुन्या ग्रीकमध्ये दुसरीकडे खात्रीने सापडतच नाही, तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने, म्हणजे ग्रीकच बोलणाऱ्या माणसाने लिहिलंय की हा शब्द शुभवर्तमानकारांनीच (मत्तय, लूक अशी येशूची चरित्रं लिहिणाऱ्यांनीच) घडवलेला दिसतो. लूकमध्ये तर त्याच ओळीत 'दररोज' साठी वेगळे शब्द आहेत, मग एपिऊसिओस पण 'रोजची' कसं? जेरोमने बायबलच्या लॅटिन भाषांतरात एकाच शब्दाचे दोन अर्थ केले, लूकमध्ये 'रोजची' आणि मत्तयमध्ये 'भौतिक पदार्थापलीकडची'. पण 'इब्री लोकांचं शुभवर्तमान' या आता हरवलेल्या ग्रंथात 'माहार' म्हणजे 'उद्याची' होतं हेही त्यानेच नोंदवलंय आणि मला हाच अर्थ सगळ्यात जवळचा वाटतो.

आमच्या म्हापशाच्या वाड्यावर शेजारची आंटी संध्याकाळचा तेर्स (जपमाळेची प्रार्थना, त्यात हीच प्रभूची प्रार्थनाही येते) झाला की गेटला कापडी पिशवी टांगते, पहाटे पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत येतो आणि त्यात पाव टाकून जातो. तिच्या कोंकणी प्रार्थनेत भाकर नाही, 'गिरास' आहे, म्हणजे घास. तो उद्याचा घास ती आदल्या रात्रीच मागून ठेवते.