नवीन कण ‘सापडला’ म्हणजे नक्की दिसतं काय?

टीवाय_फिजिक्स
नमस्कार मंडळी. टीवायला आहे, पुण्यातच. परवा सेमिनारला एलएचसीवर (सर्न या प्रयोगशाळेचं जमिनीखालचं प्रोटॉन टकरवणारं यंत्र) बोललो, सगळं झकास चाललं होतं आणि शेवटी एका मुलीने विचारलं की हिग्ज कण सापडला म्हणजे दिसला कुठे, फोटो आहे का? माझी दातखीळच बसली. तो रंगीत रेघांचा फोटो स्लाईडवर होताच, तोच परत दाखवला, सर गालातल्या गालात हसले. तर आता इथे विचारतो, नवीन कण शोधतात म्हणजे रोज बसून करतात काय? आणि 2012 ला हिग्ज सापडला, त्यानंतर काहीच कसं नाही सापडलं? बाबा तर म्हणतात इतकी वर्षं सापडत नाही म्हणजे नसेलच, तू आपलं आयटीचं बघ.

पाषाणची_मुक्ता
तुझ्या सरांना हसायला काय जातंय 😄 मी याच विषयात पीएचडी केलीये आणि मलाही पहिल्या वर्षी हे नीट सांगता आलं नसतं.

हिग्ज कोणीच बघितलेला नाही. तो जन्मतो आणि डिटेक्टरच्या पहिल्या थरापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी फुटतो, आपल्याला मिळतात ते तुकडे. समजा दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) मिळाले, तर त्यांच्या ऊर्जा आणि मधला कोन यावरून गणित करायचं की हे दोघं एकाच कणातून आले असतील तर त्याचं वस्तुमान किती असेल. असं प्रत्येक जोडीचं काढायचं आणि हिस्टोग्राम (कुठल्या वस्तुमानाच्या किती जोड्या, असा खांबांचा आलेख) भरत जायचा. बहुतेक जोड्या अशाच कुठून कुठून आलेल्या असतात, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या, त्यांचा मिळून एक गुळगुळीत उतार तयार होतो. खरंच एखादा कण फुटत असेल तर त्या उतारावर एका जागी उंचवटा येतो, हिग्जचा 125 जीईव्हीला (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आला. तर त्या मुलीला दाखवायचा फोटो तो, रेघांचा नाही.

पण प्रमाण बघ. साधारण शंभर-दीडशे कोटी टकरींमागे एक हिग्ज आणि अशा हजार हिग्जमधले दोनेकच दोन फोटॉनमध्ये फुटणार. शिवाय सेकंदाला 4 कोटी वेळा प्रोटॉनचे गठ्ठे एकमेकांतून जातात, एवढं साठवणार कुठे? म्हणून ट्रिगर असतो, तो काही मायक्रोसेकंदांत ठरवतो काय ठेवायचं आणि काय कायमचं फेकायचं. माझ्या मते खरी धाकधूक इथेच आहे, नवीन कण आपल्याला वाटतो तसा वागत नसला, म्हणजे समजा थोडं अंतर चालून मग फुटला, तर आपण त्याला स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकत असू.

पेठेतला_निवृत्त
त्या एलएचसीचा 27 किलोमीटरचा बोगदा! म्हणजे स्वारगेटहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जवळजवळ. आणि मिळालं काय, एक कण. आमच्या गल्लीतला खड्डा मात्र तीन पावसाळे झाले तिथेच आहे, त्याला डिटेक्टर लागत नाही.

पाषाणची_मुक्ता
काका खड्ड्याचं मान्य 🙏 पण एक कण नाही हो, तिथे सत्तरच्या वर नवीन कण सापडलेत, फक्त ते क्वार्कच्याच (प्रोटॉन ज्यांचा बनतो ते कण) नवनवीन जोडण्या आहेत. मूलभूत म्हणावा असा हिग्ज एकच.

आणि @टीवाय, काही सापडत नाही असं नाही, सापडून हरवतं. डिसेंबर 2015 ला अ‍ॅटलास आणि सीएमएस (एलएचसीवरचे दोन मोठे डिटेक्टर) दोघांनाही 750 जीईव्हीच्या आसपास दोन फोटॉनमध्ये उंचवटा दिसला. दोघांनाही! थिअरीवाल्यांनी शेकडो पेपर पाडले, आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. ऑगस्ट 2016 ला जास्त डेटा आला आणि उंचवटा सपाट.

यात कोणी लबाडी केली नव्हती. मिरवणुकीला लक्ष्मी रोडवर उभ्या हजार लोकांना दहा-दहा वेळा नाणं उडवायला लाव, एखाद्याला दहाही वेळा छापा बहुधा येईलच, आणि तू नेमका त्याचाच व्हिडिओ काढून फिरवलास तर लोक म्हणतील चमत्कार. आपण शेकडो हिस्टोग्राम शेकडो जागी बघतो, म्हणून 5 सिग्माचा हट्ट, म्हणजे नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता 35 लाखांत एक. त्यावर आणखी एक पथ्य, जिथे सिग्नल अपेक्षित आहे तो भाग सगळी पद्धत पक्की होईपर्यंत झाकून ठेवायचा. नाहीतर माणूस नकळत आपल्याला हवं तसं कापत बसतो.

चिंचवडचा_कोडर
मी फिजिक्सवाला नाही, आयटीतलाच (बाबांना नमस्कार सांग). पण सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसचा खरा डेटा फुकट आहे. दोन म्यूऑनवाल्या (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) एक लाख घटनांची सीएसव्ही घे, पायथनमध्ये पंधरा-वीस ओळींचं काम. मी रात्री बाराला बसलो, आधी साध्या स्केलवर काढला तर काही धड कळेना, मग दोन्ही अक्ष लॉग केले आणि एकदम 3.1 जीईव्हीला सुळका, 9.5 च्या आसपास एक आणि लांब 91 ला झेड कणाचा डोंगर. झेड शोधायला 1983 साली किती खटपट झाली होती आणि इथे माझ्या जुन्या लॅपटॉपवर, शेजारी पोह्यांची बशी. बायकोला उठवून दाखवला, ती म्हणाली छान आहे, झोप.

टीवाय_फिजिक्स
दादा केला! 91 चा आला!! पण 42 जवळ एक बारीक उंचवटा दिसतोय, तिथे कुठला कण असतो? पुस्तकात तर काहीच नाहीये.

पाषाणची_मुक्ता
बिन, म्हणजे हिस्टोग्रामचे खांब, किती ठेवलेत?

टीवाय_फिजिक्स
200

पाषाणची_मुक्ता
170 करून बघ.

टीवाय_फिजिक्स
गेला 😐