एएमएल: गावाकडच्या माणसाने गुणसूत्रांच्या तपासणीवर पैसा घालावा का?

कापूसवेचणी (यवतमाळ)
एएमएल, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर निघाला, की आपल्याकडे आधी केमोचा खर्च विचारतात. गुणसूत्रांची तपासणी ‘नंतर पाहू’ म्हणत राहून जाते. ती राहू नये असं माझं ठाम मत. ७ नंबरच्या जोडीतलं एक गुणसूत्र गायब, ५ नंबरचा तुकडा गळालेला, किंवा १७ वरचा टीपी५३ या कॅन्सरला आवर घालणाऱ्या जनुकाचा भाग गेलेला, असं काही निघालं तर नुसत्या केमोवर आजार उलटण्याची भीती मोठी. मग ट्रान्सप्लांटसाठी (दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी घालायला) भावंडांचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, लगेच जुळवायला घ्यावं लागतं.

आमच्या काकांचा नमुना भर मे महिन्यात मुंबईला गेला. रिपोर्ट आला: पेशींची वाढ झाली नाही. कॅरिओटाइपला, म्हणजे पेशी वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहायला, जिवंत पेशी लागतात आणि हिरव्या झाकणाची नळी वाटेतच उकडलेली. म्हणून लांबच्या पेशंटने सरळ मायक्रोअॅरे (चिपवर डीएनए मोजणारी तपासणी) करावा. त्याला डीएनए पुरतो, जांभळ्या झाकणाची नळी चालते, आणि कॅरिओटाइपमध्ये न दिसणारे बारीक तुकडेही कमी-जास्त झालेले कळतात.

वऱ्हाडी गडी
भाऊ, पुस्तकातलं बोलून राह्यले तुम्ही. जवान पेशंटले ७+३ ची केमोच देतेत ना, सात दिवस सायटाराबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिन. रिपोर्ट काहीबी येवो. ट्रान्सप्लांटचा खर्च ऐकून माणूस घरीच बसते. जे करताच येत नाही ते करा म्हनून सांगनारा कागद घेऊन काय करू? पहिले सरकारच्या फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते विचारा.

लॅबवाली ताई (नागपूर)
दोघांशीही सहमत नाही.

कापूसवेचणी, मायक्रोअॅरे फक्त गुणसूत्रांचा माल किती कमी, किती जास्त, एवढंच मोजतो. दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आणि एकूण तेवढंच राहिलं, तर त्याला काही दिसत नाही. आणि एएमएलमधले बरे होण्याची जास्त शक्यता असलेले प्रकार नेमके तेच आहेत: ८ आणि २१ ची अदलाबदल, १६ मधला उलटलेला तुकडा, १५ आणि १७ ची अदलाबदल. शेवटची म्हणजे एपीएल नावाचा प्रकार. तिचा नुसता संशय आला तरी रिपोर्टची वाट न पाहता एट्रा हे औषध सुरू करतात, कारण पेशंट रक्तस्रावाने जातो. पुढे एट्रा आणि आर्सेनिकच्या औषधावर बहुतेक जण बरे होतात. शिवाय नमुन्यात बिघडलेल्या पेशी थोड्या असतील तर अॅरेला त्या दिसत नाहीत. म्हणून दोन्ही नळ्या पाठवा. कल्चर, म्हणजे पेशींची वाढ, फसलं तर ५, ७, १७ साठी फिश (ठराविक तुकड्यांना चमकता रंग लावून पाहणं) आणि सोबत अॅरे मागा. अदलाबदलीसाठी पीसीआर जांभळ्या नळीतूनही होतो.

गडीभाऊ, ७+३ सगळ्यांना देत नाहीत. म्हाताऱ्या, अशक्त पेशंटला अॅझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स ही औषधं देतात. आणि ट्रान्सप्लांट परवडत नसेल त्याला तर हा कागद जास्तच लागतो. वावर विकायचं की नाही, हे कशाच्या भरवशावर ठरवणार?

वऱ्हाडी गडी
वावराचं बोलल्या ते पटलं. पन हे घरच्यायले समजावून सांगते कोन? आमच्या गावात ‘गुणसूत्रात दोष’ ऐकल्याबरोबर पेशंटच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं.

लॅबवाली ताई (नागपूर)
हे बदल मॅरोतल्या (हाडाच्या आतल्या मगजातल्या) पेशींमध्ये नंतर होतात, पोरीला जन्मतः मिळत नाहीत. काही मोजक्या घराण्यांत हा आजार खरंच चालत येतो, पण ती वेगळी गोष्ट. सोयऱ्यांना एवढंच सांगा.

कापूसवेचणी (यवतमाळ)
ताई, दोन्ही नळ्या पाठवा म्हणणं सोपं. हिरवी नळी वाटेत मरते, तिचं काय?

लॅबवाली ताई (नागपूर)
उन्हाळ्यात गार पॅक ठेवा, पण नळीला चिकटवू नका, आणि गोठवू तर अजिबात नका. शुक्रवारी मॅरो काढू देऊ नका, नमुना रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडतो. सोमवारी सकाळी काढायला सांगा.

वऱ्हाडी गडी
अन् सोमवारी डॉक्टरच सुट्टीवर असला तं?