पित्तखड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज: ईआरसीपी लगेच करावी का?

प्रश्न: आई (वय 58) परवापासून दाखल आहे. पोटदुखी ओसरली आहे, ताप नाही, काल तिने चमच्याचमच्याने मुगाचे कढण घेतले आणि बिलिरुबिन (कावीळ किती आहे हे दाखवणारे रक्तातील रंगद्रव्य) 3.1 वरून 1.4 वर आले. तरीही ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेतील खडा काढण्याची प्रक्रिया) का केली नाही, या विचाराने जीव टांगणीला लागला आहे.

उत्तर 1: बिलिरुबिन उतरते आहे, म्हणजे अडकलेला खडा बहुधा आपोआप आतड्यात गेला असावा. अशा वेळी ईआरसीपीचा लाभ होत नाही, उलट तिच्यामुळेच स्वादुपिंडाला पुन्हा सूज येऊ शकते. थंडी वाजून ताप आला आणि कावीळ वाढली, तर मात्र पित्तनलिकेत संसर्ग झाल्याचे समजून 24 तासांच्या आत नळी मोकळी करावी लागते. खडा उरल्याची शंका असल्यास आधी एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय स्कॅन) करावी.

उत्तर 2: मी शल्यचिकित्सक आहे. आपण खरा आग्रह पित्ताशय काढण्याच्या वेळेबाबत धरावा, असे मला मनापासून वाटते. नेदरलँड्समधील 2015 च्या ‘पोंचो’ चाचणीत त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 5 टक्के, तर सुमारे महिनाभर थांबलेल्यांपैकी 17 टक्के रुग्णांना पित्तखड्यांच्या त्रासामुळे पुन्हा दाखल व्हावे लागले किंवा ते दगावले.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उद्याच्या राउंडला डॉक्टरांना हेच विचारते.