कुस्को आधी नको
पेरूतलं माचू पिचू (डोंगरावरचं इंकांचं प्राचीन शहर) पाहायला जाणाऱ्यांना 'तिथल्या उंचीची सवय व्हावी म्हणून आधी दोन दिवस कुस्को शहरात राहा' असा सल्ला दिला जातो, तो मला उलटा वाटतो. माचू पिचू साधारण २,४३० मीटरवर आहे, कुस्को मात्र ३,४०० च्या आसपास! आम्ही हीच चूक केली. पहिली रात्र डोकं धरून आणि कोकाच्या पानांचा चहा ढोसून काढली (चव साधारण गवती काढ्यासारखी). कुस्कोच्या विमानतळावरून थेट टॅक्सीने खाली ओयांताईताम्बो गावी जा. ते २,८०० च्या आतबाहेर, शिवाय तिथले इंका अवशेषही पाहण्यासारखे आणि माचू पिचूकडे जाणारी ट्रेनही तिथूनच. कुस्को परतताना करा.

आणि हो, माचू पिचूचं तिकीट आत फिरण्याच्या ठरावीक मार्गाचं असतं. वरून सगळं शहर दिसणारा तो नेहमीचा फोटो हवा असेल तर मार्ग बघूनच बुकिंग करा.