लाटेकमध्ये टेबलची अख्खी ओळ बोल्ड कशी करायची?

घणसोलीकर: मंडळी, सोसायटीच्या वार्षिक सभेचा हिशोब लाटेकमध्ये (आज्ञा लिहून कागदपत्रं बनवायचं सॉफ्टवेअर) करतोय, पाणीपट्टी, लिफ्ट, वॉचमन वगैरे आणि खाली ‘एकूण’. ती ओळ पूर्ण बोल्ड हवीय पण सुरुवातीला बीएफसिरीज (पुढचं सगळं बोल्ड करणारी आज्ञा) टाकलं की पहिलाच रकाना बोल्ड होतो, पुढचे आकडे आपले बारीकच. प्रत्येक रकान्यात टेक्स्टबीएफ (दिलेला तेवढाच मजकूर बोल्ड करणारी आज्ञा) टाकत बसू का, कॉलम सहा आहेत हो

नौपाडा_जुना: होणारच. टॅब्युलरमध्ये, म्हणजे लाटेकच्या साध्या टेबलमध्ये, प्रत्येक रकाना वेगळा ग्रुप असतो, & हा रकाने वेगळे करणारा चिन्ह-खुणा आला की ग्रुप बंद आणि फॉन्टचं सेटिंगही तिथेच संपलं. अ‍ॅरे पॅकेज (लाटेकला जोडायची तयार भर) घे, कॉलमच्या व्याख्येत > चिन्हाने प्रत्येक रकान्याआधी एक मॅक्रो (आपण बनवलेली आज्ञा) चालव आणि त्या ओळीपुरती त्याची व्याख्या जीडेफने (ग्रुपबाहेरही टिकणारी व्याख्या) बदल, साधं डेफ ग्रुपबाहेर टिकणार नाही. मल्टिकॉलम (रकाने जोडणारी आज्ञा) मात्र दाद देत नाही, तो स्वतःची कॉलम-व्याख्या आणतो.

वाशी_लोकल: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला 😀 टॅब्युलॅरे (tabularray) पॅकेज टाक, त्यातल्या टीबीएलआर नावाच्या टेबलच्या सेटिंगमध्ये झेड नंबरच्या रोला फॉन्ट बीएफसिरीज द्यायचा, बस. झेड म्हणजे शेवटची ओळ, मधे उद्या रंगकामाचा खर्च घुसवला तरी बोल्ड ‘एकूण’लाच राहणार.

घणसोलीकर: झालं की राव! पण आकडे बोल्ड झाले, ‘एकूण’ शब्द मात्र तसाच??

नौपाडा_जुना: आकडे इंग्रजी असतील, त्यांचा फॉन्ट वेगळा. तुझ्या देवनागरी फॉन्टला बोल्ड नसणार, लॉग फाइल (लाटेक जिथे इशारे नोंदवतो ती) बघ. झीलाटेक (लाटेकचाच एक प्रकार) आणि फॉन्टस्पेकवर (फॉन्ट निवडायचं पॅकेज) असशील तर मुक्ता फॉन्ट लाव, त्यात बोल्ड आहे.