'वोल्युमेन ब्रुताल' इंग्रजीतच ऐकावा म्हणे!

घाटमाथा
परवा इथे एका महाशयांनी ठोकून दिलं की स्पेनच्या बारोन रोहो ('लाल बॅरन') या मेटल बँडचा 'वोल्युमेन ब्रुताल' हा स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत निघालेला अल्बम म्हणजे "ब्रिटिश मेटलची झेरॉक्स. ऐकायचाच तर इंग्रजीतला ऐका, स्पॅनिशमध्ये नुसती आरडाओरड वाटते." झेरॉक्सपर्यंत मी गिळून घेतलं असतं. पण इंग्रजीतला ऐका?

अहो, १९८२ सालचं माद्रिद आहे ते. हुकूमशहा फ्रँकोला जाऊन सात वर्षंही झालेली नाहीत. आदल्याच वर्षी फेब्रुवारीत सिव्हिल गार्डचा एक अधिकारी पिस्तूल उपसून संसदेत घुसला होता. त्या देशात चौघं उठतात आणि 'लोस रॉकेरोस वान अल इन्फिएर्नो' म्हणतात, म्हणजे रॉकवाले नरकातच जाणार! पाद्र्यांच्या धाकात वाढलेल्या पोरांनी ते गळे फाडून गायलं. इंग्लंडात तेव्हा नरकाची गाणी पैशाला पासरी होती, तिथे त्यानं कुणाच्या कपाळाला आठी पडणार?

लंडनला रेकॉर्डिंग केलं म्हणून 'ब्रिटिश' म्हणताय, तर कारण साधं आहे: आवाज. १९८१च्या पहिल्या अल्बमची गाणी दमदार, पण ड्रम्स ऐकले की पत्र्याचा डबा आठवतो. ब्रिटिश रॉक गायक इयन गिलनच्या किंग्सवे स्टुडिओत तेच चौघं अंगावर येतात. मेल कॉलिन्सचा सॅक्सोफोन आहे, गिलनच्या बँडमधला कॉलिन टाउन्स कीबोर्डवर आहे. पाहुणे ब्रिटिश, घर यांचंच.

जुनी_कॅसेट
ते 'महाशय' मीच. नाव घ्यायला काय जातं?

एक सांगा, इंग्रजी आवृत्ती मी काढली का? बँडनंच काढली ना? शब्द इंग्रजीत बसवायला ब्रिटिश बँड आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन याची मदत घेतली, त्याच साली इंग्लंडातल्या रीडिंग फेस्टिव्हलला जाऊन वाजवलं. अल्बमवर 'बॅरन इंग्लंडवरून उडतो' अशा नावाचं गाणंच आहे! त्यांचा डोळा कुठे होता ते स्पष्ट दिसतंय. त्यांना चाललं, तुमच्याच पोटात दुखतंय.

बेसवाली
इतकं लिहून झालं, पण बँडचा बेसवादक शेर्पा, त्याच्या बेसबद्दल एक ओळ नाही. नेहमीचंच आहे. कास्त्रो बंधूंच्या गिटारी, गिटारी आणि गिटारी.

आणि ज्या नरकाच्या गाण्यावर घाटमाथादादा एवढे गहिवरलेत, त्याच्या श्रेयात शेर्पासोबत कारोलिना कोर्तेसचं नाव आहे. त्याची बायको. म्हणे 'चौघं उठतात'!

घाटमाथा
बेसवालीताई, मान्य. चौघं आणि एक.

बेसवाली
उपकार झाले.

सांगलीकर_ड्रमर
भाषेवरून निघालंच आहे तर माझंही ऐका. कॉलेजात आमचा बँड होता, गाणी सगळी मराठीत. पुण्यात एका स्पर्धेला गेलो. परीक्षक स्टेजवरून सगळ्यांसमोर म्हणाले, "वादन छान, पण मराठीत रॉक शोभत नाही, पुढच्या वेळी इंग्रजी बसवा." आमचा गायक रडायचा बाकी होता. नंतर बसवलं इंग्रजी. कसलं काय, बँडच मोडला. त्यामुळे 'इंग्रजीतला ऐका' असं कुणी म्हटलं की माझी तार सटकते.

जुनी_कॅसेट
दादा, बँड इंग्रजीमुळे मोडला की सुरात नव्हता म्हणून? सहज विचारतोय.

सांगलीकर_ड्रमर
तुम्ही होता का तिथे? नव्हता ना? मग गप्प बसा.

वसईचा_पेद्रू
अरे भांडू नका. या अल्बमवरचं 'रेसिस्तिरे' म्हणजे ते लॉकडाऊनमध्ये स्पेनचे लोक बाल्कनीत येऊन गायचे तेच ना? भारी गाणं.

माद्रिदवासी_कुलकर्णी
नाही हो नाही! ते दुओ दिनामिको या स्पॅनिश जोडीचं, १९८८चं. बारोन रोहोचं त्याच नावाचं गाणं या अल्बमवरचं, सहा वर्षं आधीचं. इथे ऑफिसात दोनदा हेच समजावून झालंय, आता मराठीतही समजावतोय.

मूळ मुद्द्यावर: मी इथल्या एका बारमध्ये पन्नाशीच्या माणसांना या अल्बमची गाणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणताना ऐकलंय. इंग्रजी आवृत्ती निघाली होती हे त्यातल्या निम्म्यांना माहीतही नव्हतं. 'कोन्सिएर्तो पारा एयोस', म्हणजे हेंड्रिक्स, जॉप्लिन वगैरे गेलेल्यांसाठीचं गाणं, लागलं तेव्हा तर कुणी ग्लासही उचलला नाही.

जुनी_कॅसेट
बारमधले पन्नाशीचे गृहस्थ हा पुरावा झाला? मग २००७ला मी बंगळूरला मेडन बघितलं. तिथे हजारो भारतीय पोरं इंग्रजीत गात होती. कुणालाच परकं वाटलं नाही.

सांगलीकर_ड्रमर
म्हणजे ज्यांची भाषा इंग्रजी, त्यांनी इंग्रजीत गायलं आणि लोकांना आवडलं. फारच मोठा शोध! उलट बघा ना. पुढच्याच वर्षी बारोन रोहोचा 'मेटलमॉर्फोसिस' हा अल्बम आला तो स्पॅनिशमध्ये. इंग्रजीचा हट्ट खरंच असता तर तेव्हाच सोडला असता का?

जुनी_कॅसेट
इंग्लंडात जमलं नाही म्हणून सोडला, असंही म्हणता येईल.

घाटमाथा
म्हणा. तिथे जमलं नाही आणि स्पेनमध्ये, लॅटिन अमेरिकेत मात्र दैवत झाले. कोणत्या भाषेत, ते तुम्हीच सांगा.

बेसवाली
आणि ड्रमर एर्मेस कालाब्रिया मूळचा उरुग्वेचा. सांगलीकरांनी स्वतःच्या बिरादरीचा माणूससुद्धा सांगितला नाही. स्पर्धेचंच पुराण.

सांगलीकर_ड्रमर
ताई, तुम्ही बेसचं बघा.

जुनी_कॅसेट
काल रात्री दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या. 'इन्कोमुनिकासिओन' स्पॅनिशमध्ये बरं वाटतं. एक गाणं. दहापैकी एक. उरलेल्या नऊवर माझं मत कायम आहे, आणि आरडाओरड हा शब्दही मागे घेत नाही.

घाटमाथा
उद्या परत ऐका. आठवर येऊ.